फोन किंचाळला आणि अख्खा महाराष्ट्र विनोद करू लागला

[फोन कॅमेऱ्यासमोर धरून]

नमस्कार मंडळी! २० जुलै २०२३, गुरुवार. सकाळी साडेदहाच्या आसपास तुम्ही कुठे होतात? आठवत नसेल तर आठवण करून देतो. ओट्यावर ठेवलेला, चार्जिंगला लावलेला, बॅगेच्या तळाशी गेलेला फोन एकदम किंचाळला होता. रिंगटोन नव्हे, मेसेजचा टिंग नव्हे. कानात घुसणारा कर्कश आवाज, सोबत थरथर आणि स्क्रीनवर चौकट: इमर्जन्सी अलर्ट.

पहिली पाच मिनिटं घाबरण्यात गेली, आणि मग सुरू झाले विनोद. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडला, “माझा ओरडला, तुमचा ओरडला का?” कुणी लिहिलं, “इतक्या जोरात आईनेसुद्धा कधी उठवलं नाही.” एका काकूंनी कुकर बंद केला, मग गॅसही बंद केला, मग लक्षात आलं की आवाज फडताळातून येतोय. आणि मला सगळ्यात आवडलेला प्रश्न: “बरं, ओटीपी कधी येणार?”

मला हे विनोद मनापासून आवडले. भीती वाटल्यावर माणसं एकमेकांना हसवतात, ही फार जुनी आणि चांगली सवय आहे. पण त्या ओटीपीच्या विनोदात एक खरी भीतीही होती. त्याच ग्रुपवर एका काकांनी ताबडतोब ताकीद दिली, “कुणीही ओके दाबू नका, खातं रिकामं होईल!” आणि माणसं खरंच ओके न दाबता फोन तसाच उताणा ठेवून बसली. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

तो चाचणीचा मेसेज होता. दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण मिळून देशभर आपत्तीचा इशारा देणारी यंत्रणा उभी करत होते, तिची ही तपासणी. त्या वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर वेगवेगळ्या दिवशी अशा चाचण्या झाल्या. शेजारच्याचा फोन ओरडला आणि आपला गप्प राहिला, असं झालं त्याचं एक कारण हे.

या तंत्राचं नाव सेल ब्रॉडकास्ट. नेहमीचा एसएमएस म्हणजे पोस्टमन. पत्ता बघणार, प्रत्येक दारात जाणार, एकेक पत्र टाकणार. लाखो घरं असली की रांग लागते, आणि पूर येताना रांग परवडत नाही. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. गावात हलगी वाजवत यायचे, चौकात उभं राहून एकदाच ओरडायचे, ज्याला कान आहेत त्याला ऐकू जायचं. इथे चौक म्हणजे मोबाईलचा टॉवर. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातले फोन ते ऐकतात. इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबर लागत नाही. कॉलची गर्दी होऊन लाइन लागेनाशी झाली तरी दवंडी पोचते.

आता काकांची शंका. दवंडी देणाऱ्याला कळतं का, कुणी ऐकलं? नाही कळत! हा मेसेज एकाच दिशेने येतो. ओके दाबल्यावर फक्त तुमच्या फोनचा आवाज थांबतो, पाठवणाऱ्याकडे काहीही परत जात नाही. मात्र कुठल्याही इशाऱ्यात लिंक दिसली, पैसे किंवा ओटीपी मागितला, तर काका बरोबर आहेत. तिथे हात लावू नका.

आणि हे तंत्र नवीन नाही बरं का. २००० च्या दशकात साधे बटणांचे फोन वापरलेत? लोकलमधून जाताना स्क्रीनवर ठिकाणाचं नाव आपोआप बदलायचं, दादर गेलं की माटुंगा. ते हेच सेल ब्रॉडकास्ट होतं, पन्नास नंबरच्या चॅनलवर. मी तेव्हा खिडकीजवळ उभा राहून नाव बदलायची वाट बघायचो.

मेसेज एवढा कोरडा का होता, असंही बऱ्याच जणांनी विचारलं. जागाच कमी असते हो. एका पानात इंग्रजीची ९३ अक्षरं मावतात, देवनागरीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. अशी जास्तीत जास्त १५ पानं जोडता येतात. “घर सोडा, उंचावर जा” हे आधी लिहायचं, बाकी सगळं नंतर.

[थोडं थांबून]

आता जे बोलायचं आहे ते मला जड जातं. १९ जुलैच्या रात्री, म्हणजे त्या चाचणीच्या अवघ्या काही तास आधी, रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. आपण फोनच्या किंचाळण्यावर हसत होतो तेव्हा तिथे डोंगर चढून गेलेली माणसं हातांनी चिखल उपसत होती.

हा मेसेज एक दिवस आधी असता तर वाडीतली माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. दवंडी कितीही मोठी असो, काय ओरडायचं हे आधी कुणाला तरी ठाऊक लागतं. पाऊस किती पडतोय, डोंगर कुठे भेगाळलाय, नदी कुठवर चढलीय, हे मोजणारी माणसं आणि यंत्रं जागी लागतात. टॉवर फक्त शेवटची हाक देतो.

आणि ती हाक वेळेत यावी लागते. माझी आत्या महाडला असते. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तिने वरच्या मजल्यावर अंधारात रात्र काढली. वीज गेली, फोनही लागेना. टॉवरच बंद पडला तर सेल ब्रॉडकास्टही मुका होतो, म्हणून इशारा पाण्याच्या आधी यायला हवा.

[फोनची सेटिंग उघडून दाखवत]

मागच्या खेपेला तिच्याकडे गेलो आणि सहज तिचा फोन बघितला. हे बघा, अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये शोधायच्या जागी “इमर्जन्सी अलर्ट” लिहिलं की हे पान येतं. फोनच्या कंपनीनुसार थोडं वेगळं दिसेल. तिचं हे वरचं बटण बंद होतं. चाचणीच्या दिवशी ती इतकी दचकली होती की शेजारच्या मुलाने येऊन “आता नाही हो ओरडणार” म्हणत सगळंच बंद करून दिलं होतं. त्याने मायेनेच केलं होतं.

मी ते चालू केलं. मग आम्ही दोघं गॅलरीत बसून तो आवाज व्हिडिओवर तीनदा ऐकला, म्हणजे पुढच्या वेळी तिला ओळखू येईल. तिसऱ्यांदा ती हसली, म्हणाली, “मेला, किती बेसूर आहे.”

मग नदीच्या बाजूला बघत विचारलं, “पाणी यायच्या आधी ओरडेल ना रे हा?”

मी म्हटलं, “वेळेत कुणी पाठवलं तर ओरडेल, आत्या.”