पुड्या बांधणारे सेनानी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्ग गावी एक जुनं औषधांचं दुकान आहे. आता त्याचं संग्रहालय झालंय. आत जळवा आहेत, रक्त काढायची नस्तरं आहेत, आणि खेकड्याच्या नांग्याही! कोकणातले श्रोते म्हणतील, कालवण करायचं सोडून औषध कसलं? तर नांग्यांची पूड पोटातल्या जळजळीवर देत. दुकानावर नाव आहे ह्यू मर्सर यांचं.

मर्सर मूळचे स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरचे, जन्म १७२६ चा. वैद्यकी शिकून विशीतच ते ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सच्या बंडखोर फौजेत शल्यवैद्याचे मदतनीस झाले. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर त्या फौजेची धूळधाण उडाली. गादीवरच्या दुसऱ्या जॉर्ज राजाचे शिपाई पळालेल्यांना हुडकून मारत होते. मर्सर लपतछपत राहिले आणि पुढच्या वर्षी जहाजानं अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया गाठलं.

तिथेही लढाई काही सुटली नाही. फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूळ रहिवाशांशी ब्रिटिश वसाहतींचं युद्ध पेटलं. १७५६ मध्ये किटॅनिंगच्या चकमकीत जखमी होऊन ते मागे राहिले, आणि रानावनातून साधारण दीडशे किलोमीटर एकट्यानं चालत ठाण्यावर परतले. याच युद्धाच्या काळात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी ओळख झाली. पुढे मर्सर त्यांच्याच मुलखात, फ्रेडरिक्सबर्गला येऊन राहिले. वॉशिंग्टन यांच्या आईही त्यांच्याकडून औषध घेत.

आता औषधाचं दुकान म्हणजे गावाची चावडीच. कोण आजारी, कोण कर्जात, राजाच्या नव्या करावर कोण काय बोललं, सगळं तिथे कळणार. अमेरिकेतल्या वसाहतींचं इंग्लंडशी बिनसलं तेव्हा गावानं सुरक्षा समितीवर मर्सरना घेतलं, ते उगीच नव्हे. १७७४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन यांचं फेरी फार्म विकत घेतलं; तिथे नवं गाव वसवायचा बेत होता. तो तसाच राहिला. १७७६ मध्ये ते वसाहतींच्या फौजेत ब्रिगेडियर जनरल झाले.

आता समोर होता तिसरा जॉर्ज, म्हणजे कलोडनवाल्या राजाचा नातू. आजोबाच्या शिपायांना चुकवून आलेला माणूस तीस वर्षांनी नातवाच्या शिपायांपुढे उभा ठाकला! ३ जानेवारी १७७७ ला प्रिन्स्टनच्या लढाईत त्यांच्यावर संगिनींचे अनेक वार झाले. नऊ दिवसांनी, १२ तारखेला, जवळच्याच एका शेतघरात त्यांचा प्राण गेला.

मागे पत्नी इझाबेला आणि पाच मुलं. धाकटा ह्यू तर अजून तान्हाच होता. त्याच्या शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून करायचा, असा ठराव काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेनं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये केला.