"अण्णा, पॅन कार्ड आणलंय का?"

(दृश्य: गलाईची, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याची भट्टी. मुशीत दागिने वितळताहेत.)

तुटलेली साखळी, एका कानातलं उरलेलं डूल, कुणाच्या तरी आजीच्या पाटल्या. मूस तापली की थोड्याच वेळात या सगळ्याचा एक लालभडक गोळा होतो. त्यात कुणाचं काय होतं, ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे गलाईचं काम करत आली आहेत. पाऊस दगा देत राहिला, तशी त्यांनी घरं सोडली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत भट्ट्या लावल्या. ॲसिडच्या धुरात बसून करायचं हे काम. त्यांच्या कष्टांवर संशय घ्यायला आम्ही आलेलो नाही. पण काळा पैसा फिरवणाऱ्याला सोनं इतकं का आवडतं, हे या मुशीसमोर उभं राहिल्यावर कळतं. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरी क्रमांक सक्तीचा झाला. दागिना आटला, की तो क्रमांकही आटला.

लाच, खंडणी, ऑनलाइन फसवणूक. यातून आलेली रोकड नुसती कपाटात ठेवून भागत नाही, ती कधीतरी कुठल्या तरी पावतीवर चढवावी लागते. आणि ही पावती सरकार फाडत नाही, दुकानदार फाडतो.

(दृश्य: सांगली, लग्नसराई. प्रसंगाचं नाट्यरूप.)

गिऱ्हाईक ओळखीचं. मुलीच्या लग्नाचं सोनं, नऊ लाखांचं. पिशवीत सगळी रोकड.

"अण्णा, पॅन कार्ड आणलंय का?"

"आमच्यावर पण विश्वास न्हाई व्हय आता? चार नावांवर बिलं फोडा की."

दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतं. 2017 पासून तर एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. बिलं वेगवेगळ्या दिवशी केली, तरी एकाच लग्नासाठी एकाच माणसानं दिलेली रोकड एकत्र मोजली जाते. मोडल्यास दंड घेणाऱ्याला होतो, जेवढी रक्कम घेतली तेवढाच.

अण्णांचा पैसा घामाचा असेल. द्राक्षाचा, बेदाण्याचा, हळदीचा. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून भलत्याच धंद्यातली रोकडही बागेचा पैसा म्हणून दाखवली जाते, आणि बदनाम होतो खरा बागायतदार. त्यासाठीच हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारायला हवा. फक्त अनोळखी माणसाला विचारला, तर काळा पैसा ओळखीच्या माणसाचा हात धरून आत येतो.

काळा पैसा पांढरा करणं रोखणारा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 1 जुलै 2005 पासून लागू झाला. बँका तेव्हापासून त्यात आहेत. डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख किंवा त्याहून मोठे रोखीचे व्यवहार करणारे सराफ आणि ठरावीक उलाढालीपुढचे जमीन-घरांचे एजंट आले, मे 2023 मध्ये काही कामांपुरते चार्टर्ड अकाउंटंटही. संशयास्पद व्यवहार दिसला की त्यांनी दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवायचं, आणि कळवलंय हे त्या गिऱ्हाइकाला सांगायचं नाही.

हे लिहायला सोपं आहे. सांगलीसारख्या गावात बँकेतला कारकून आणि खातेदार एकाच गल्लीत राहतात, संकष्टीला गणपती मंदिरात शेजारी शेजारी उभे असतात. तिथं गप्प राहून नोंद करायला धैर्य लागतं. नियमानुसार माहिती देणाऱ्यावर खटला भरता येत नाही, हे कायद्यातलं संरक्षण प्रत्येक काउंटरवरच्या माणसाला माहीत असायला हवं. ते किती जणांना नीट सांगितलं जातं, ही आमची खरी काळजी आहे.

दुसरी काळजी शेजारच्या दुकानाची. इथं नकार मिळाला की अण्णा उठतात, चप्पल घालतात, पलीकडच्या पेढीत शिरतात. तिथं बिल फुटलं, तर नियम पाळणाऱ्याचं लग्नसराईतलं मोठं गिऱ्हाईक गेलं. प्रामाणिकपणाची ही किंमत एकट्या दुकानदारानं का मोजावी? पेढ्यांनी आपसात ठरवलं, तरच हे थांबेल.

(दृश्य: पलीकडची पेढी.)

"या अण्णा, बसा. चहा सांगू? आणि पॅन कार्ड?"

अण्णा पिशवी मांडीवर घेतात. थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

"बँक किती वाजेपर्यंत असती रं?"