साइक्स: एका आडनावाचा ओढा

[दृश्य: कोल्हापूर, संध्याकाळची रहदारी. रिक्षातून दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या.]

कोल्हापुरात रिक्षात बसा आणि 'साइक्स एक्स्टेंशन' म्हणा. रिक्षावाला पुढं काही विचारत नाही. दवाखान्यांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, कुरियरच्या चिठ्ठ्यांवर हे नाव इतकं मुरलंय की ते कुणा साहेबाचं आडनाव आहे, हे उच्चारतानाही कुणाच्या लक्षात येत नाही.

मुंबई इलाख्याला १९२८ ते १९३३ या काळात सर फ्रेडरिक साइक्स नावाचे गव्हर्नर होते. त्यांच्या शंभर वर्षं आधी आणखी एक साइक्स दख्खनमध्ये फिरत होता, कर्नल विल्यम हेन्री साइक्स. गावांची, पिकांची, पक्ष्यांची मोजदाद करत त्यानं हा मुलूख पालथा घातला. आपल्या माळरानावरच्या एका चंडोलाला पक्षीनिरीक्षक आजही 'साइक्सचा चंडोल' म्हणतात.

आडनाव एकच. पण एका आडनावाची माणसं भाऊबंद असतात, की नुसती आडनावबंधू? आपल्याकडे लग्न जुळवताना हा प्रश्न पडतोच. इंग्लंडमध्ये एका साइक्सलाच तो पडला, आणि त्यानं थेट प्रयोगशाळा गाठली.

[दृश्य: यॉर्कशरच्या पश्चिमेकडचे डोंगर. ओलसर गवत, दगडी बांध, त्यांच्या कडेनं वाहणारं बारीक पाणी.]

हा हडर्सफील्डच्या आसपासचा भाग. लोकरीच्या गिरण्यांनी नावारूपाला आला, पण त्याआधी नुसते डोंगर, मेंढ्या आणि पाणथळ कुरणं. या कुरणांतून वाहणाऱ्या लहानशा ओहोळाला इथले लोक 'साइक' म्हणतात. शब्द जुना आहे, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला. दोन शेतांमधली हद्दही बऱ्याचदा असा ओहोळच ठरवायचा. तेव्हा साइक्स म्हणजे ओढ्याकाठचा माणूस. यापलीकडे या नावात काही थोरवी नाही.

१०६६ मध्ये नॉर्मन आले. वडिलांचं आडनाव मुलानं लावायची पद्धत आधी जमीनदारांत सुरू झाली, मग हळूहळू खाली झिरपली. १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना कायमचं आडनाव मिळालं होतं. कुणी धंद्यावरून स्मिथ, म्हणजे लोहार. कुणी बापाच्या नावावरून, कुणी टोपणनावावरून, कुणी गावावरून. आणि ज्याच्या दारात ओढा, तो साइक्स.

आता अडचण बघा. या डोंगरांत ओढे काही एकदोन नाहीत, प्रत्येक घळीत एक आहे. म्हणून आडनावांच्या अभ्यासकांनी कागदपत्रं चाळून सांगितलं होतं की साइक्स हे नाव अनेक ठिकाणी, अनेक घरांत, एकमेकांशी संबंध नसताना रुजलं असणार. ऐकताना कुणालाही पटेल.

[दृश्य: ऑक्सफर्डमधल्या प्रयोगशाळेच्या इमारती.]

ब्रायन साइक्स हे ऑक्सफर्डमध्ये जनुकशास्त्राचे प्राध्यापक होते. गोष्ट १९९० च्या दशकातली. एका मोठ्या औषध कंपनीत त्यांचं व्याख्यान ठरलं, आणि त्या कंपनीचे अध्यक्ष होते सर रिचर्ड साइक्स. तुमचं काही नातं आहे का, असं लोक विचारू लागले. दोघांच्या माहितीत तरी नातं नव्हतं. प्राध्यापकांनी अध्यक्षांचा डीएनए मागून घेतला, स्वतःच्या डीएनएशी ताडून पाहिला, आणि तो जुळला.

जुळलं काय, ते नीट समजून घेऊ. वाय गुणसूत्र फक्त पुरुषांत असतं आणि ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. इंग्रजी आडनावही त्याच वाटेनं जातं. दोन्ही वारसे एकाच पायवाटेनं चाललेले. वाय गुणसूत्रावर काही जागी अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणाकडे चौदा वेळा, कुणाकडे पंधरा वेळा. अशा जागांवरचे आकडे मांडले की त्या पुरुष-ओळीची जणू खूण तयार होते.

एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून यॉर्कशर आणि शेजारच्या परगण्यांतल्या साइक्स पुरुषांना पत्रं गेली. पाकिटात एक छोटा ब्रश. गालाच्या आतून फिरवा आणि परत पाठवा, एवढंच काम. अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नमुने देणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची खूण एकच निघाली. आणि त्याच भागातल्या, पण दुसऱ्या आडनावांच्या पुरुषांत ती खूण सापडलीच नाही.

मग उरलेले निम्मे? सातशे वर्षांत घराघरांत काय काय घडतं, त्याचं उत्तर त्यातच आहे. दत्तक घेतलेला मुलगा. विधवेनं दुसरं लग्न केल्यावर सावत्र बापाचं नाव लावणारं पोर. लग्नाविना झालेलं आणि आईचं आडनाव घेऊन वाढलेलं मूल. सासऱ्याच्या इस्टेटीसाठी त्याचंच आडनाव लावणारा जावई. आणि अर्थात, कागदावर बाप एक आणि प्रत्यक्षात दुसरा. लोक खुसखुसतात ते या शेवटच्या कारणावर. पण नाव आणि रक्त यांची फारकत व्हायला ते एकच कारण लागत नाही. दर पिढीत शंभरांतल्या दोघांच्या बाबतीत असं घडतंय असं धरा. तेवीस पिढ्यांनंतर मूळ खूण शंभरांतल्या त्रेसष्टांकडेच उरते. त्यासाठी कुणाच्या घरात रोज भानगडी व्हायला नकोत.

प्राध्यापक साइक्स यांचा निष्कर्ष मात्र ठाम होता. अनेक मूळपुरुषांचं कागदपत्रांवरचं अनुमान चूक. आजचे साइक्स एकाच मूळपुरुषाचे. ओढ्याकाठचा तो एक माणूस, सगळ्यांचा खापरखापर पणजोबा. वर्तमानपत्रांना हे फार आवडलं. आवडण्यासारखंच होतं. पण यात एक गोची आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

[दृश्य: जुन्या नोंदवहीची पानं. शाईनं लिहिलेली नावं, काहींवर काट मारलेली.]

समजा, १३०० साली या डोंगरांत साइक्स नावाची दहा घरं होती, दहा वेगवेगळ्या ओढ्यांकाठची. १३४८ मध्ये प्लेगची महामारी आली आणि पुढच्या दोनेक वर्षांत इंग्लंडमधला निदान तिसरा हिस्सा माणूस गेला. दहातली तीन घरं तिथंच संपली. एका घरात चार लेकी झाल्या. सगळ्या धडधाकट जगल्या, सगळ्यांना पोरं झाली, पण आडनाव संपलं. एक घर निपुत्रिक. एकाचा मुलगा लढाईतून परतला नाही. आणखी तीन घरं अशीच कधीतरी विझली. आणि एका घरात मात्र सहा मुलगे, त्यांतल्या चौघांना प्रत्येकी पाच. सातशे वर्षांनी ब्रश फिरवला तर कुणाची खूण सापडेल? त्या शेवटच्या घराची. बाकीचे नऊ जण नव्हतेच, असं वाटेल.

हे कोडं जुनं आहे. १८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी ते एका मासिकात गणित म्हणून घातलं: नामांकित घराण्यांची आडनावं नाहीशी होतात, ती त्या घराण्यांत काही उणेपण असतं म्हणून, की निव्वळ योगायोगानं? हेन्री विल्यम वॉटसन या पाद्र्यानं ते सोडवायला घेतलं. त्यांची रीत बरोबर होती, उत्तर चुकलं. सगळीच आडनावं शेवटी संपणार, असा त्यांचा हिशोब आला. सरासरीनं एकाहून जास्त मुलगे होत असतील तर काही आडनावं टिकू शकतात, हे त्यांच्या नजरेतून निसटलं. पण ते गणित आजही त्या दोघांच्या नावानं शिकवलं जातं, आणि अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेलाही तेच लागू पडतं. आडनावाच्या कोड्यातून निघालेलं गणित कुठं जाऊन पोचलं बघा.

[दृश्य: लेस्टर शहर. विद्यापीठाचा परिसर.]

साइक्सांचा धागा पुढं लेस्टर विद्यापीठानं उचलला. डीएनएचे ठसे घेण्याचं तंत्र १९८४ मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सापडलं, ते इथंच. टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग या दोघांनी एका आडनावावर न थांबता चाळीस ब्रिटिश आडनावं घेतली आणि १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. ते साल २००९.

चित्र साफ निघालं. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी खूण जुळण्याची शक्यता जास्त. अ‍ॅटनबरो आडनावाच्या पुरुषांत जवळजवळ दहातल्या नऊ जणांची खूण एका कुळातली. उलट स्मिथ घ्या. लोहार गावोगाव होते, तेव्हा दोन स्मिथ आणि रस्त्यानं जाणारे कुठलेही दोन इंग्रज, यांत काही फरक दिसत नाही. चाळीस आडनावांची सरासरी काढली तर बासष्ट टक्के पुरुष कुठल्या ना कुठल्या समान पूर्वजाच्या गटात बसत होते.

पण त्या दोघांनी पुढं जे लिहिलं, ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारसं आलं नाही. यातले बरेच गट वयानं तरुण निघाले. त्यांचा समान पूर्वज आडनावाइतका जुना नव्हताच. म्हणून सातशे वर्षांपूर्वी ते नाव पहिल्यांदा कुणी लावलं, याबद्दल आजच्या रक्तावरून भरवशाचं असं फार काही सांगता येत नाही. ज्याचे मुलगे जगले, त्याची खूण उरली. साइक्स प्रकरणाकडेही मी असंच बघतो. कागदपत्रं चाळणारे अभ्यासक अगदीच चुकले होते, असं म्हणायची मला घाई नाही.

[दृश्य: उत्तर इंग्लंडमधली रोमनकालीन हेड्रियनची भिंत. पडझड झालेले दगड, वारा.]

कधीकधी ही पुरुष-ओळ भलतीकडेच घेऊन जाते. २००७ मध्ये याच चमूला यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाचे अठरा पुरुष सापडले. दिसायला, बोलायला अस्सल यॉर्कशरचे. त्यांतल्या सात जणांचं वाय गुणसूत्र पश्चिम आफ्रिकेतलं निघालं, आणि तिथंही क्वचितच आढळणाऱ्या प्रकारातलं. वंशावळ मागं नेली तर दोन कुटुंबं अठराव्या शतकातल्या यॉर्कशरपर्यंत जाऊन थांबतात. तो आफ्रिकी पूर्वज गुलामांच्या व्यापारातून आला असेल, किंवा त्याहून फार आधी. तिसऱ्या शतकात रोमनांनी या भिंतीवर उत्तर आफ्रिकेतल्या मूर सैनिकांची तुकडी ठेवली होती, तशी नोंद आहे.

म्हणून ही माणसं आफ्रिकी ठरतात का? हिशोब करा. आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागं आठ. असे तेवीस पिढ्या मागं गेलात की पूर्वजांच्या ८३ लाख ८८ हजार ६०८ जागा होतात. तेव्हाच्या इंग्लंडात एवढी माणसंही नव्हती, म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागांवर बसलेली. आडनाव आणि वाय गुणसूत्र मिळून त्यातली फक्त एक जागा दाखवतात. लेकींच्या वाटेनं आलेलं सगळं या चाचणीत अदृश्यच.

[दृश्य: लेस्टर. मोटारी उभ्या करायची जागा, डांबरावर पांढरे पट्टे.]

ऑगस्ट २०१२. लेस्टरमध्ये मोटारींच्या तळाखाली उत्खनन सुरू झालं आणि वाकड्या कण्याचा एक सांगाडा मिळाला. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड. डीएनएचं काम आलं टुरी किंग यांच्याकडे, म्हणजे आडनावांवर काम केलेल्या त्याच संशोधिकेकडे.

राजाला जगलेली औरस संततीच नव्हती, म्हणून चुलत शाखा शोधल्या. त्यातली एक सॉमरसेट आडनावाची, ब्यूफर्टच्या ड्यूकांची. या आडनावाचा जन्मच गमतीचा आहे: पंधराव्या शतकातल्या एका ड्यूक ऑफ सॉमरसेटचा अनौरस मुलगा चार्ल्स. त्याला बापाचं आडनाव मिळालं नाही, म्हणून बापाच्या पदवीचंच आडनाव झालं. अठराव्या शतकातल्या पाचव्या ड्यूकचे पाच वंशज आज हयात सापडले, कागदोपत्री सलग बापाकडून मुलाकडे आलेले. पाचही जणांनी नमुने दिले.

त्यांतले चौघे एकमेकांशी जुळले. पाचवा जुळला नाही, म्हणजे अलीकडच्याच कुठल्यातरी पिढीत धागा तुटला होता. आणि राजाशी पाचांपैकी एकही जुळला नाही. खानदानी वंशावळ, शिक्कामोर्तब केलेली, चर्चच्या नोंदींसकट. तरीही राजा आणि तो पाचवा ड्यूक यांना जोडणाऱ्या बाप-लेकांच्या एकोणीस जोड्यांत कुठंतरी फट होती.

राजाची ओळख पटली ती दुसऱ्या वाटेनं. आईकडून मुलांना मिळणारा मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा, डीएनए राजाच्या बहिणीकडून, अ‍ॅनकडून, लेकीकडून लेकीकडे सतरा पिढ्या आला. प्रत्येक लग्नात आडनाव बदललं. इतकी आडनावं बदलली की शेवटी हाती लागला तो लंडनमध्ये राहणारा, कॅनडात जन्मलेला मायकेल इब्सेन. त्याचा डीएनए राजाच्या हाडांशी तंतोतंत जुळला.

इब्सेन धंद्यानं सुतार, लाकडी फर्निचर बनवणारा. मार्च २०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये राजाला पुन्हा पुरलं, तेव्हा ओकच्या लाकडाची शवपेटी त्यानंच बनवली होती.

[दृश्य: कॅथेड्रलच्या फरशीवरची फिकट दगडी समाधी. आवाज थांबतो. पडदा काळा.]