मोटरहोम घेताना: वजनाचा आणि पाण्याचा हिशेब

मोटरहोम बघायला गेलं की नजर आधी पलंगावर, ओट्यावर, सोफ्यावर जाते. ते सगळं नंतर बघा. आधी वजनाची पट्टी शोधा. बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनजवळ असते. त्यावर गाडीचं जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल तेवढंच तुमच्या वाट्याचं.

समजा, ५०० किलो उरले. चार माणसांचे २८० गेले. १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की आणखी १०० किलो. राहिले १२०, आणि त्यात गॅस सिलिंडर, जादा बॅटरी, भांडी, अंथरुणं, सायकली, मागाहून बसवलेलं सोलर पॅनेल. मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. जादा वजनाने टायरची बाजू जास्त वाकते, वाकून तापते, आणि टायर वेगात असताना फुटू शकतो.

म्हणून माणसं आणि सामान भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्याच. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं (चाकांच्या आसाचं) वजन वेगवेगळं घ्या. एकूण आकडा मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल जादा भारात असू शकतो. सामानाचा मोठा कप्पा पुष्कळदा मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे ठेवलेले १०० किलो मागच्या ॲक्सलवर १०० पेक्षा जास्त पडतात आणि पुढची चाकं हलकी होतात. जड वस्तू खाली आणि दोन ॲक्सलच्या मध्ये ठेवा.

आता टायरची बाजू जवळून पाहा. लांबट चौकटीत चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. या गाड्या चालतात कमी, उभ्या राहतात जास्त. त्यामुळे नक्षी नवीन दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असतं. जुनी गाडी घेताना किलोमीटरइतकंच हे आकडे वाचणं महत्त्वाचं आहे.

जुन्या गाडीचा खरा शत्रू मात्र छतातून झिरपणारं पाणी. छताची खिडकी, सांधे, कडेची पट्टी, मागच्या दिव्यांभोवतीची फट, इथून ते शिरतं. भिंतीच्या आत लाकडी चौकट असेल तर ती कुजते, आणि बाहेर डाग दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. कपाटं उघडून वरचे कोपरे अंगठ्याने दाबा. मऊ लागलं, भिंतीवरचा कागद फुगलेला दिसला, कुबट वास आला, तर ओलावा मोजायचं यंत्र लावल्याशिवाय व्यवहार करू नका. घेतल्यानंतर दर सहा महिन्यांनी छतावरचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, तपासा. भेगेवर सरसकट सिलिकॉन फासू नका. त्यावर पुढे दुसरं सीलंट नीट चिकटत नाही. छताच्या साहित्याला चालणारंच वापरा.

शौचालयाच्या टाकीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मैला बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणं. पाणी वाहून जातं, घन मैला तळाशी साचून वाळतो आणि मग हलत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी निदान अर्ध्याहून जास्त भरली की रिकामी करा आणि लगेच थोडं पाणी टाकून ठेवा. आधी ही टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते.

विजेचं थोडक्यात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. लेड-ॲसिड असेल तर टिकण्यासाठी त्यातले निम्मेच वापरायचे. एसी त्यावर चालवायची आशा ठेवू नका. गॅस गळतीचा अलार्म जमिनीलगत हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो.

गोठवणाऱ्या थंडीत गाडी उभी राहणार असेल, तर पाण्याची टाकी आणि गिझर दोन्ही रिकामे करा. पंप कोरडा होईपर्यंतच चालवा आणि बंद करा. एका दांडीचे नळ उघडून दांडी मधोमध ठेवा, म्हणजे गरम आणि गार दोन्ही नळ्यांतलं पाणी उतरतं. शॉवरची नळी खाली सोडा. हँडलमध्ये पाणी राहिलं तर ते गोठून हँडल तडकतं.