पन्हाळीचा खर्च कुणी द्यायचा?

(धुळ्यात जुन्या चर्च-इमारतींच्या दुरुस्तीवर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. ख्रिस्ती समाजात ‘मंडळी’ म्हणजे चर्चचे सभासद. आज मी हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो आहे, कारण समोर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिट्यांचे लोक आहेत, पाळक साहेब आहेत आणि ज्यांचा चर्चशी संबंध नाही पण जुन्या वास्तूंवर जीव आहे अशीही माणसं आहेत.

गिरणाकाठच्या एका गावातल्या चर्चपासून सुरुवात करतो. दगडी भिंती, सागवानी कैच्या (छपराचा भार पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), वर मंगलोरी कौलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक म्हातारे पंच मला म्हणाले, “भाऊ, पानी उनं का आम्ही बादल्या मांडतस.” वर चढून पाहिलं. मुख्य छप्पर आणि ओसरीचं छप्पर जिथे मिळतात, तिथे पत्र्याची पन्हाळ होती. तिच्यात पिंपळाची पानं, कबुतरांची घरटी आणि वर्षानुवर्षांची माती. पाणी पुढे जाईना, म्हणून ते भिंतीत उतरत होतं. कैचीचं जे टोक भिंतीत बसवलेलं होतं ते बोटाने दाबलं की भुसा पडायचा. त्याला वाळवीही लागली होती. कैची बदलायचं अंदाजपत्रक लाखांत गेलं. पन्हाळ दरवर्षी मृगाआधी साफ केली असती, तर दोन माणसांची एका दिवसाची मजुरी लागली असती.

मला आज मुख्यतः हेच बोलायचं आहे. अनुदान देणारे कैचीला पैसे देतात, पन्हाळीला सहसा देत नाहीत. आणि पन्हाळ सांभाळली नाही, तर कैचीला मिळालेला पैसाही वीस वर्षांत पुन्हा पाण्यात जातो.

आता पैशाच्या वाटा. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याच काळाच्या आगेमागे इथे मिशनचं काम वाढलं. पश्चिमेला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, पूर्वेला भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. म्हणजे आपली बरीचशी चर्चं आत्ता कुठे शंभरीला टेकत आहेत. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे, पण नुसतं वय पुरत नाही, राष्ट्रीय महत्त्वही ठरावं लागतं. आणि स्मारक संरक्षित झालं की भोवतालच्या शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम बंद होतं. गावातल्या चालत्या-बोलत्या चर्चला ही वाट सोयीची आहे असं मला वाटत नाही.

खासदार निधीचा विचार सोडून द्या. त्या योजनेच्या नियमांतच प्रार्थनास्थळांच्या आतली कामं वर्ज्य आहेत, आणि हे देऊळ, मशीद, चर्च सगळ्यांना सारखंच लागू आहे.

परदेशातून मदत मागायची तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो, आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालं. पूर्वी मोठ्या संस्थेकडे पैसा यायचा आणि ती गावच्या चर्चला वाटून द्यायची. ती पद्धत आता संपली.

खरी वाट उरते ती कंपन्यांच्या सामाजिक निधीची, म्हणजे सीएसआरची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचा जीर्णोद्धार स्पष्ट लिहिलेला आहे. पण ‘आमच्या उपासनेसाठी’ म्हणून मागाल तर कंपनी कचरते. ‘या परिसराची शंभर वर्षांची वास्तू’ म्हणून मागा, आणि ते खरंही असू द्या: शाळेच्या मुलांना दाखवा, जुनी रजिस्टरं अभ्यासकांना उघडी करा. शिवाय तुमच्या ट्रस्टला आयकराच्या सवलतीची नोंदणी (१९६१ च्या जुन्या आयकर कायद्यात बारा-अ आणि ऐंशी-जी), तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, म्हणजे सीएसआर-१, हवी. इथे आपलं घोडं अडतं. कित्येक चर्चांची मालमत्ता दूरच्या एखाद्या मध्यवर्ती ट्रस्टच्या नावावर आहे. पंचांकडे ना सिटी सर्व्हेचा उतारा, ना ट्रस्टचा पीटीआर, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीचा, उतारा. कागद नाहीत म्हणून अर्ज परत आलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. अर्ज घेऊन गेलेले खजिनदार बसस्टँडवर बसून होते, घरी जाऊन काय सांगायचं म्हणून.

इंग्लंडचं उदाहरण मुद्दाम देतो. तिथे चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे सोळा हजार इमारती आहेत, त्यातल्या बारा हजारांहून अधिक ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या. २००१ पासून तिथलं सरकार नोंदलेल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीवरचा विक्रीकर, जो आज वीस टक्के आहे, अनुदान म्हणून परत देत होतं. चर्च असो, गुरुद्वारा असो, ज्यूंचं सिनेगॉग असो, वास्तू नोंदलेली असली की झालं. मात्र पैसे आधी खर्च करायचे, परतावा नंतर. आणि २०२५ मध्ये तिथेही हात आखडला: एका वास्तूला वर्षाला २५ हजार पौंडांपर्यंतच मिळेल अशी मर्यादा आली. श्रीमंत देशातही अनुदान पुरत नाही, हे आपण लक्षात ठेवू.

पण त्यांच्याकडची एक गोष्ट मला अनुदानापेक्षा मोलाची वाटते. १९५५ च्या नियमापासून तिथल्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी होते. काय निकडीचं, काय दोन वर्षांत, काय पुढे, असं लिहून मिळतं. इंग्लिश कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली, तेव्हाच त्याने रोजच्या काळजीने झीज थोपवा असं सांगितलं होतं. आपल्याकडच्या जाणत्या गवंड्यालाही हे माहीत होतं. दिवाळीआधी चुना लावणं ही नुसती रंगरंगोटी नव्हती.

चुन्यावरून आठवलं. उत्साहाच्या भरात जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, कृपा करून. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, इमारत थोडी हलतेच. दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना थोडी हालचाल सोसतो आणि आतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग दगडाला लोणा, म्हणजे क्षार, लागतो, पोपडे सुटतात, आणि लोक म्हणतात भिंत जुनी झाली. देणगीदाराचं नाव कोरलेल्या फरशीखाली भिंत कुजताना पाहिली आहे मी, फार वाईट वाटतं.

तेव्हा प्रत्येक चर्चने एक वही करावी. पहिल्या पानावर मालकीचे उतारे आणि ट्रस्टचा नोंदणी क्रमांक. मग चारी बाजूंचे आणि छपराचे फोटो, तारखेसकट, दरवर्षी त्याच जागेवरून. फुटलेल्या कौलांची संख्या, भेगेवर पेन्सिलीची खूण. हंगामाच्या सणाला जे अर्पण येतं त्यातला काही भाग ‘छप्पर’ म्हणून वेगळ्या खात्यात टाका. अनुदान देणारा पहिल्यांदा हेच विचारतो: तुमचे स्वतःचे किती?

गिरणाकाठच्या त्या चर्चात आता बादल्या मांडाव्या लागत नाहीत. कैची गावातल्याच सुताराने बदलली, निम्मे पैसे मंडळीचे, निम्मे गावाचे, आणि त्या गावातले बहुतेक लोक ख्रिस्ती नाहीत. पन्हाळ मेच्या शेवटच्या रविवारी उपासना झाली की साफ होते, तरुण मुलं शिडी लावतात.

ज्यांनी छपरांचे फोटो आणले आहेत त्यांनी पुढे या. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे, एकेक बघू.