पुणे पदवीधर: यादीत घडलेला इतिहास

मित्रहो, मतदारसंघाचा इतिहास म्हटलं की आपण विजयी उमेदवारांची नावं मोजायला लागतो. पुणे पदवीधर मतदारसंघाची ती नावं मी सांगणारच आहे. पण माझं म्हणणं असं आहे की या जागेचा खरा इतिहास तिच्या मतदारयादीत आहे. निकाल यादीतून येतो, आणि यादीकडे आपण सुशिक्षित माणसांनीच सगळ्यात कमी लक्ष दिलेलं आहे.

आधी चौकट थोडक्यात सांगतो. आपल्या विधान परिषदेच्या जागा 78. त्यांपैकी 30 सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात आणि 12 राज्यपाल नेमतात. उरलेल्या 14 मध्ये 7 शिक्षकांच्या आणि 7 पदवीधरांच्या. पुणे पदवीधर म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे मिळून एक जागा. मतदार पदवीधर हवा आणि पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. उमेदवार मात्र पदवीधर असलाच पाहिजे असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्ये मद्रासच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. पुष्कळांना हे आजही ठाऊक नसतं.

आता नावं. 1990 ते 2002 या बारा वर्षांत इथून प्रकाश जावडेकर होते. भाजपचे, पुण्याचे, बँकेतली नोकरी सोडून राजकारणात आलेले. पुणे पदवीधर म्हणजे शहरातल्या पेठांची आणि नोकरदार मध्यमवर्गाची जागा, अशी जी समजूत होती ती त्या काळात पक्की झाली. 2002 मध्ये जनता दलाचे प्रा. शरद पाटील आले, मिरजेचे. 2008 मध्ये चंद्रकांत पाटील, कोल्हापूरचे. 2014 मध्ये पुन्हा तेच. 2020 मध्ये राष्ट्रवादीचे अरुण लाड, कुंडलचे. जागा भाजपकडून जनता दलाकडे, परत भाजपकडे आणि तिथून राष्ट्रवादीकडे गेली, हे कुणीही सांगेल. मला त्या गावांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. पुणे, मिरज, कोल्हापूर, कुंडल. जागेचं नाव पुण्याचं राहिलं, तिचा भार दक्षिणेकडे सरकत गेला.

याचं कारण 2020 च्या यादीत आकड्यांनिशी सापडतं. एकूण नोंदलेले पदवीधर 4,26,257. त्यांत पुणे जिल्ह्याचे 1,36,611, कोल्हापूरचे 89,529, सांगलीचे 87,233, साताऱ्याचे 59,071 आणि सोलापूरचे 53,813. यांच्या शेजारी 2011 ची जनगणना ठेवा. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांच्या वर, सांगलीची 28 लाखांच्या आसपास. म्हणजे तिपटीहून मोठा जिल्हा, आणि पदवीधर मतदार दीडपटीच्या जवळपास. सोलापूरची लोकसंख्या 43 लाख, तरी नोंदणी सांगलीपेक्षा तेहतीस हजारांनी कमी. सांगलीत पदवीधर जास्त आणि सोलापुरात कमी पिकतात असं थोडंच आहे? सांगलीत अर्ज भरून घेणारी माणसं होती. सहकारी कारखाने, सूतगिरण्या, शिक्षणसंस्था, पतसंस्था, त्यांच्यात काम करणारे पदवीधर, त्यांची मुलं आणि सुना. हे जाळं ज्याच्या हाताशी आहे त्याला घरोघर पोचता येतं. पुण्यातल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या अभियंत्याकडे कुणी गेलं नाही, आणि तोही आपणहून उठून गेला नाही.

2020 चे दोन्ही मुख्य उमेदवार सांगली जिल्ह्यातलेच होते. कुंडलचे अरुण लाड, म्हणजे प्रतिसरकारातल्या क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांचे चिरंजीव, आणि भाजपचे संग्राम देशमुख, कडेगावचे. उमेदवार एकूण 62. लाडांना 1,22,145 मतं, देशमुखांना 73,321. फरक 48,824. पहिल्या पसंतीतच कोटा ओलांडला गेला.

आता कोट्याबद्दल. इथे मतदार उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीनुसार 1, 2, 3 असे आकडे लिहितो. वैध मतांचे निम्मे आणि वर एक, एवढी मतं मिळाली की उमेदवार निवडून येतो. तेवढी कुणालाच मिळाली नाहीत तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती ज्याच्या नावापुढे असेल त्याच्याकडे जाते. ज्यानं नुसता 1 लिहून पेन खाली ठेवलं, त्याचा उमेदवार बाद झाला की त्याचं मतही संपलं. 2014 ची निवडणूक या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. चंद्रकांत पाटील आणि राष्ट्रवादीचे सारंग पाटील यांच्यात अंतर राहिलं अवघं चोवीसशे मतांच्या आसपास. त्याच निवडणुकीत अरुण लाड बंडखोर म्हणून उभे होते आणि त्यांना सुमारे 37 हजार मतं होती. त्यांतल्या थोड्या मतदारांनी जरी सारंग पाटलांच्या नावापुढे 2 लिहिला असता तरी गणित फिरलं असतं. राष्ट्रवादीनं सहा वर्षांनी त्याच लाडांना उमेदवारी दिली, यात नवल काहीच नाही.

मतपत्रिका बाद होण्याबद्दल बोलताना मला खरोखर वाईट वाटतं. 2020 मध्ये इथे बाद मतं हजारोंच्या घरात होती. पदवीधरांची! केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच आकडा लिहायचा. 1 मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, रोमन लिहा, चालतो. अक्षरी 'एक' चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, सही तर मुळीच नाही. पक्षाचं चिन्ह छापलेलं नसतं, म्हणून नाव वाचावं लागतं. एवढंच करायचं असतं.

आणि शेवटी यादी. विधानसभेची यादी दरवर्षी दुरुस्त होत राहते; नाव एकदा लागलं की सहसा राहतं. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीला कोऱ्या कागदापासून नव्यानं होते. 1 नोव्हेंबर ही अर्हता (पात्रता मोजण्याची) तारीख, नमुना 18 चा अर्ज, सोबत पदवीच्या किंवा गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती आणि रहिवासाचा पुरावा. म्हणून मतदान डिसेंबरात असलं तरी पुढाऱ्यांची निवडणूक वर्षभर आधी, या अर्जांपाशी सुरू होते. एकट्या पुणे जिल्ह्यात विधानसभेचे मतदार सत्तर लाखांच्या वर आहेत आणि पदवीधर म्हणून नोंदलेले दीड लाखसुद्धा नव्हते. पदवीधरांचा वेगळा मतदारसंघ असावाच का, असं विचारणारे लोक आहेत, आणि त्यांचा प्रश्न मला गैर वाटत नाही. पदवी आहे म्हणून एक मत जास्त, हे आजच्या काळात पटवून देणं कठीण आहे. पण जोवर हा मतदारसंघ आहे तोवर त्याचा प्रतिनिधी नोकरभरती, स्पर्धा परीक्षा, विनाअनुदानित महाविद्यालयं यांबद्दल सभागृहात बोलणार आहे, आणि तो कुणासमोर उत्तरदायी आहे हे त्या यादीवरून ठरतं.

2020 मध्ये निवडून आलेल्या सदस्याची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. त्या यादीतलं 4,26,257 पैकी एकही नाव आपोआप पुढे येत नाही. तेव्हा मत दिलेल्यांनाही नमुना 18 पुन्हा भरावा लागतो.