कार्डावरची अक्षरं

दसरा-दिवाळी झाली की बीड, केज, धारूरकडच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. गोधड्या, भांडी, ज्वारीचं पोतं, कोयते. गरोदर बाईजवळ आणखी एक वस्तू असते, माता-बाल संरक्षण कार्ड. कारखान्याकडच्या दवाखान्यात तिला कुणी ओळखत नाही, तिची माहिती तिथं या कार्डावरूनच कळते. म्हणून त्यावरची अक्षरं तिला आणि तिच्या जोडीदाराला वाचता यायला हवीत.

पहिला रकाना एलएमपी. शेवटची पाळी सुरू झाली, तो पहिला दिवस. पाळी थांबली तो नव्हे, इथं बऱ्याच जणी चुकतात. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. ‘नागपंचमीच्या दोन दिवस आधी’ एवढं सांगितलं तरी आशाताई कॅलेंडरवर तारीख काढतात. त्या तारखेत ७ दिवस आणि ९ महिने मिळवले की ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. म्हणजे ऐन तोडीच्या हंगामात.

गर्भ राहतो पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, पण आठवडे मोजतात पाळीपासून. ‘नवरा तर तेव्हा गावात नव्हता’ म्हणून कुठल्या घरात या आकड्यावरून संशय आला, तर तो निव्वळ मोजणीचा गैरसमज आहे.

सोनोग्राफीच्या प्रत्येक कागदावर तारीख वेगळी दिसते, त्यानंही घोळ होतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख सगळ्यांत भरवशाची. पुढं प्रत्येक बाळाची वाढ वेगळी, त्यामुळे अंदाज सरकतो. पहिला कागद फेकू नका.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कधी कधी ‘प्लासेंटा लो लाइंग’ लिहिलेलं असतं. प्लासेंटा म्हणजे वार. ती खाली आहे एवढाच त्याचा अर्थ. गर्भपिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. पण पुन्हा सोनोग्राफी हवीच. वार पिशवीच्या तोंडावरच राहिली तर दुखल्याशिवाय रक्त जातं. अशा वेळी थेंबभर गेलं तरी दवाखाना गाठायचा.

‘ब्रीच’ म्हणजे पायाळू. सातव्या महिन्यात बाळ फिरत असतं, तेव्हाच्या ब्रीचवरून सिझर ठरत नाही. ३६ आठवड्यांनंतरही तसंच असेल तर मात्र कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, बाळंतपण नको. अंग बाहेर येतं आणि डोकं अडकू शकतं.

आता एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. हा आकडा नीट बघा. ११ च्या खाली रक्त कमी, ७ च्या खाली दवाखान्यात भरती. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात नेहमीएवढा रक्तस्रावही झेपत नाही, आणि एचबी आठ दिवसांत वाढत नाही. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, तास-दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. लोहाच्या गोळीनं शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

बीपीच्या रकान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त आणि लघवीत अल्ब्युमिन (एक प्रथिन), या जोडीला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. पायावरची सूज पुष्कळ जणींना येते. पण चेहरा सुजला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, छातीखाली दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका. पुढची पायरी झटक्यांची असते.

पाणमोट फुटली की कळा नसल्या तरी निघायचं. पाणी हिरवट असेल तर बाळानं पोटात शी केली आहे, हे डॉक्टरांना आधी सांगायचं. सरकारी दवाखान्यात नेण्यासाठी १०२ ची गाडी मोफत मिळते.

गाडी भरताना कार्ड गोधड्यांत बांधू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंगाजवळच्या थैलीत ठेवा, आणि जोडीदाराच्या मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो.